पांढऱ्या जिभेची कोकरं

बुखाराजवळ, मेंढी केंद्र
१७ ऑक्टोबर १९४८

प्रिय होसियत ओपा,

धाकट्या बहिणीचा सलाम. जर्दाळूचा मुरंबा पोचला. भावोजींचा खोकला थांबला का? माझी लेक ओयदिन तुला छळत नाही ना? तिच्या वेण्या घट्ट घाल, नाहीतर दुपारपर्यंत झिंज्या होतात.

हिवाळाभर तिला तुझ्याकडेच ठेव. इथे थंडी फार, असं मागच्या पत्रात लिहिलं होतं. ते खोटं होतं.

आमचे संचालक लतीपोव तुला आठवत असतील, माझ्या लग्नात नाचले होते. राखाडी कातड्यांना भाव येतो म्हणून गेल्या वर्षी त्यांनी राखाडी मेंढ्यांवर राखाडीच एडके सोडायला लावले. मी परोपरीने नको म्हणाले. माझी उमेदीची सगळी वर्षं याच अभ्यासात गेली आहेत, ओपा. आईबाप दोघे राखाडी असले की चारातलं एक कोकरू पांढऱ्या जिभेचं निपजतं. दुधावर असेतो गुटगुटीत दिसतं. दूध सुटून गवतावर आलं की त्याचं पोट चालत नाही, फुगतं, आणि ते मरतं. दोष आईबापांच्या रक्तातून आलेला असतो.

उन्हाळा सरताना कोकरं पटापट मेली. वरून जाब आला, आणि आमच्या म्हाताऱ्या धनगराला, एशमुराद बोबाला, धरून नेलं. म्हणे मुद्दाम विषारी गवत चारलं. मला भेटू दिलं तेव्हा तो हसत होता. "पोरी, मी त्यांना सगळ्या गवतांची नावं सांगितली. तर म्हणाले, म्हाताऱ्याला एवढं कळतं, म्हणजे यानेच चारलं!"

लतीपोवांनी कागद तयारच ठेवला आहे. "अगं बहीण, गवत विषारी होतं एवढ्यावर सही करायला तुझी शाई संपते काय?"

ऑगस्टमध्ये वरून फर्मान आलं, तेव्हापासून रक्तातून दोष उतरतो असं म्हणणंच गुन्हा ठरलं आहे. माझ्या गुरूंच्या खोलीला लाखेची मोहोर लागली. ते कुठे आहेत, कुणी विचारत नाही. मीही विचारलं नाही.

उद्या कोर्टात माझी साक्ष आहे. गवत म्हटलं तर बोबा जाईल. रक्त म्हटलं तर मी. रस्त्यावर मोटार थांबली की मी दिवा विझवते. काल दूधवालीने दार वाजवलं तर मी पलंगामागे लपले. तिच्याच हाती हे पत्र देते आहे.

तू म्हणशील, शिर सलामत तर पगडी पचास. पण इथे शिर त्या म्हाताऱ्याचं आहे, ओपा. मी रक्तच म्हणणार आहे.

ओयदिनला शाळेत तुमचं आडनाव लाव. मोठी झाली की सांग, तुझी आई फार घाबरली होती. हे नक्की सांग. नाहीतर कधी तिला भीती वाटली, तर ती स्वतःला भेकड समजेल.

वाचून हे चुलीत घाल.

त्या कागदावर केली नाही ती सही इथे करते,
तुझी
सनोबर