कणकेतला ठसा

२१ मे
गाडी दारात येऊन तीन दिवस झाले. आज धुताना पुढच्या डाव्या चाकाच्या (यापुढे पु.डा.) टायरला बाहेरून फुगा दिसला. लिंबाएवढा. आईला दाखवला. "आगं, गळू झालंय त्याला," म्हणाली. निदान बरोबर. असला टायर घाटात कधीही फुटतो, असं टायरवाला फोनवर म्हणाला.
९ जूनला महाबळेश्वरला हजर व्हायचंय. लॅब तीच, सुया त्याच, फक्त गाव डोंगरावर. बदलीची ऑर्डर आली त्याच दिवशी पुण्याहून दादाचा फोन, "आईला आता माझ्याकडे पाठव." आई सातारा सोडायला तयार नाही, आणि रात्री तिला एकटं ठेवायला मी तयार नाही. म्हणजे रोज अप-डाऊन जमलं तरच आई इथं. त्यासाठी बावन्नाव्या वर्षी पहिली गाडी, तीही दुसऱ्याची वापरलेली.
तेव्हा पु.डा. बदलणे. किरकोळ काम.

२२ मे
किरकोळ नाही.
बबन मिस्त्री (यापुढे मि.) आले. पाच बोल्टांपैकी चार सटासट सैल केले. पाचव्यापाशी थांबले. पाना लागेना. वाकून बघितलं आणि मांडी घालून बसलेच. "मॅडम, ह्यो बोल्ट न्हाई, कुलूप हाय. किल्ली कुठाय?"
गाडीची किल्ली पुढे केली. हसले.
चारी चाकांना एकेक असा. डोकं गोल, त्यात नागमोडी खाच. तिच्याच मापाचा एक तुकडा असतो, तो खाचेत बसवायचा आणि त्याला पाना लावून फिरवायचं. चाकं चोरीला जाऊ नयेत म्हणून. तुकडा नसेल तर मालकालाही चाक निघत नाही. मालक म्हणजे मी.
राग यायला हवा होता. आला नाही. बराच वेळ खाच बघत बसले. कुणीतरी किती डोकं लढवलंय.

२३ मे
गाडी आतून बाहेरून चाळली. स्टेपनीखाली, सीटखाली, आरशामागे. सापडलं ते: एक कंगवा, दोन दातकोरणी, वाळलेला बेल, चपलेचा अंगठा. तुकडा नाही. डिकीच्या गालिच्यात मात्र हळद. झटकला तर हात पिवळे. आधीचे मालक सांगलीत हळदीच्या अडतीवर दिवाणजी होते, असं एजंट म्हणाला होता. ते वारले म्हणून बाईंनी गाडी काढली.
शोरूमला फोन. हे बोल्ट आमचे नाहीत, बाहेरून बसवलेत. सोबत नंबराचं कार्ड मिळतं, ते असेल तर नवीन तुकडा मागवता येईल. कार्ड कुठे असतं? तुकड्याच्या डबीत.

२५ मे
मि.चा उपाय १: थोडा लहान सॉकेट बोल्टवर हातोडीने ठोकून बसवायचा आणि फिरवायचं. ठोकला. बसला. फिरला! मी टाळी वाजवली. पण नुसती बाहेरची कडी फिरत होती, बोल्ट जागच्या जागी. ती कडी मुद्दाम सुटी ठेवलेली असते, असं ठोकणाऱ्यांसाठीच. म्हणजे आम्ही काय करणार हे त्या माणसाला आधीच माहीत होतं.
उपाय २: ड्रिल. तीन बिटं बोथट. बोल्टावर नखाएवढी चमक, बास.
मि. म्हणाले, "आता येल्डिंग मारून नट चिकटवतो वरनं." शेजारी ॲल्युमिनियमची रिम, तिला आच लागली तर? "मग रिम जाईल," शांतपणे म्हणाले. नको म्हटलं.

२६ मे
आई कणीक मळत होती. बघता बघता सुचलं. लिंबाएवढा गोळा घट्ट मळून घेतला, बोल्टाला तेलाचं बोट लावलं, गोळा दाबला, हलकेच काढला. अख्खी नागमोड उठली! आठ वळणं. दोन वळणं जवळजवळ, बाकीची लांब. लॅबमध्ये रक्ताची काच नीट आली की होतो तसा आनंद झाला.
आई चष्मा वर करून म्हणाली, "ही तर कानवल्याची मुरड."
उन्हात ठेवला. दगडासारखा वाळला. मि.ना दाखवला. "ह्याच्यावरनं तुकडा घडवायचा तर लेथवाला माझ्या अंगावर यील मॅडम. कणीक आकसती वाळल्यावर." खरंय. पण ठसा टाकवत नाही. पर्समध्ये, रुमालात.

२९ मे
एजंटाकडून सांगलीचा नंबर मिळवला. जयश्रीकाकू. दिवाणजी त्यांचे यजमान. काकूंचा आवाज मोकळा. "तसलं काय असंल तर हितंच असंल. ते काय बी टाकत नव्हतं. तुमी या, दोघी मिळून हुडकू."
दादाचा पुन्हा फोन. "झालं का गाडीचं? नाहीतर आईची बॅग भरायला घे." आई तिथंच बसली होती. ऐकू येत नसल्यासारखी शेंगा सोलत राहिली. तिला सगळं ऐकू येतं.

१ जून
सांगली, एस.टी.ने. काकू साठीपुढच्या, दोन खोल्यांत एकट्या. हत्यारांची पेटी काढून ठेवली होती. ती पाहिली, माळा पाहिला, दिवाणजींच्या सदऱ्यांचे खिसेसुद्धा. नाही. कणकेचा ठसा दाखवायला रुमालातून काढून ठेवला.
त्या चहा करायला आत गेल्या. मी देवाला नमस्कार करावा म्हणून देव्हाऱ्यापुढे बसले. अन्नपूर्णा, बाळकृष्ण, चांदीचे दोन टाक आणि कडेला एक उभा ठेंगणा देव. हळदीकुंकवाचा इतका थर की नाक-डोळे काही कळेना. पण माथ्यावर, गंध नुकतंच लावलेलं तिथं, कडेने एक रेघ. नागमोडी. दोन वळणं जवळ, बाकीची लांब.
मी आणखी पुढे वाकले.
"हा कुठला देव, काकू?"
"त्यो व्हय? ह्यांचा. जेजुरीसनं आणला आसंल." मग सगळं सांगितलं. गेल्याच्या आदल्या वर्षी खंडेनवमीला दिवाणजींनी नेहमीसारखी हत्यारं पुजली. पाने, पकड, विळी, अडकित्ता, सगळं पाटावर. दसऱ्याला आपट्याची पानं वाटून आले आणि छातीत दुखायला लागलं. दवाखान्यातून परत आलेच नाहीत. पुजलेली हत्यारं उठवायची राहून गेली. पुढे काकूंनी पाने-पकडी पेटीत टाकल्या. हा मात्र हत्यार वाटेना. हळदकुंकू लागलेला, उभा. देवात ठेवला. तेव्हापासून रोज पाणी, गंध, फूल. सोमवारी दूध.
"शेवटचं हात लावलेलं हे," म्हणाल्या.
मी चहा प्यायले. निघाले. काही बोलले नाही.

२ जून
का बोलले नाही? काय बोलणार होते? काकू, तुमचा देव म्हणजे माझ्या गाडीचा पाना आहे?
आईला सांगितलं. तिने चष्मा काढून पुसला. मग, "न्हाई मागितलंस ते बरं केलंस." थोड्या वेळाने, "पुण्याला गरमी लय असती का गं?"
कपाटाच्या आड जाऊन रडले. रडावं लागतं कधीकधी, त्यात काय.
ठसा पर्समध्ये नाही. तिथंच राहिला.

३ जून
सकाळी सात. काकूंचा फोन.
"ताई, तुमची कणीक हितंच राहिली."
"असू दे काकू, टाकून द्या."
"टाकू कशी? काल पूजा करताना सहज देवाच्या माथ्याशी लावून बघितली. वळणाला वळण जुळलं की वो. कणीक जरा बारकी, पण रेघ तीच. थोरल्या-धाकट्या भावांगत."
मी फोन दुसऱ्या कानाला लावला.
"तुमाला परवाच कळलं हुतं न्हवं?"
हो म्हटलं. मग त्या हसायला लागल्या. "आवं, चाकाच्या किल्लीला दीड वर्सं दूध घातलं मी!" इतक्या हसल्या की मलाही आवरेना.  
"या आणि न्या," म्हणाल्या. "पर माझ्या दोन अटी हायत. त्या हितं आल्यावर सांगते."

४ जून
सांगली, पुन्हा एस.टी. अट पहिली: उद्या दिवेलागणीच्या आत देव परत. त्याच्या जागी त्यांनी सुपारी ठेवली होती, जागा रिकामी नको म्हणून.
अट दुसरी: चारातला एक बोल्ट काढायचा नाही.
"तुमाला ठावं न्हाई, ते बोल्ट कसं आवळलेत. त्येच खंडेनवमीला, पूजेच्या आधी. पान्यावर उभं ऱ्हायले, दोन्ही पायांनी. पडू नये म्हणून माझ्या खांद्याला धरलं हुतं. चारी चाकांना मी खांदा दिला." डावा खांदा दाखवला, जणू बोटं अजून तिथं उठलेली. "तीन काढा. एक तेवढा तसाच ऱ्हाऊ दे."
कुठला चालेल? तुम्ही ठरवा, म्हणाल्या. मी हो म्हटलं. गाडी माझी आहे, कागद माझ्या नावावर आहेत, हे तेव्हा आठवलंच नाही.
घरी आल्यावर ताटलीत ठेवून दाभणाने खाचा मोकळ्या केल्या. थर वेगवेगळे निघतात: तळाशी कुंकू, त्यावर हळद, मग गंध, पुन्हा हळद. सांगलीची हळद, घट्ट धरते. खाली लखलखीत पोलाद. खरवड केरात टाकवेना. तुळशीत घातली.

५ जून
सकाळी मि. आले, तुकडा हातात घेऊन कपाळाला लावला (मी सांगितलं होतं). पु.डा.: आमच्या ठोकाठोकीने खाच जरा चेपलेली, पण हातोडीचा एक हलका ठोका आणि बसला. "लय दाबून आवळलंय, वो!" मिस्त्रींचे दोन्ही हात, मान लाल. कट्ट असा आवाज. सुटला. आईने दारातून गूळ दिला सगळ्यांना.
पु.उ. सुटला. मा.डा. सुटला. तिथं साधे बोल्ट. नवे टायर पुढे दोन.
मा.उ. पाशी मी थांबा म्हटलं. त्या चाकाचा टायर चारांत बरा आहे. कारण सांगितलं. मि. हात पुसत पुसत म्हणाले, "मॅडम, भावनेवर गाडी चालत न्हाई. पंक्चर झाली मंजी?" मग तुकडा रुमालात गुंडाळून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "जावा आता. दिवेलागणीच्या आत पोचाय पायजे."
पहिल्यांदाच इतका लांब एकटीने हायवे. कराडपर्यंत जीव मुठीत, पुढे गाणी म्हटली. काकू दारात उभ्या. आधी गाडीपाशी गेल्या. मा.उ.पाशी वाकल्या, बोल्टवरून अंगठा फिरवला. मग देव आत नेला, धुतला, सुपारी उचलली, त्याला जागेवर ठेवलं. हळद लावताना म्हणाल्या, "किल्ली हाय, ठावं हाय मला. असू दे."
माझा ठसाही देव्हाऱ्यात. देवाखाली. पाट म्हणून.

९ जून
हजर झाले. वर धुकं, दवाखान्यात ओल, मायक्रोस्कोपच्या भिंगावर बुरशी. घाट चढताना सगळं लक्ष मागच्या उजव्या बाजूला. उतरतानाही. साडेसातला घरी. आईने भाकरी झाकून ठेवली होती. दादाला स्वतः फोन लावला आणि म्हणाली, "मी हितंच हाय. बॅग पुन्यांदा इचारू नगंस."

१३ जून
काकूंचा रोज फोन, आठाच्या ठोक्याला. आधी आईची चौकशी, मग, "चाक बरं हाय न्हवं?" लेक सासरी नीट आहे का असं विचारावं तसं. बरं आहे, सांगते. मलाही सवय झालीय. फोन आला नाही तर करमत नाही.

१६ जून
पंपावर हवा तपासली. तीन चाकं ३३. मा.उ. ३१. पोऱ्याने नीट बघितलं नसेल.

१७ जून
मा.उ. पुन्हा ३१. काल ३३ करून घेतली होती. स्वतःचं मापक घेतलं, आकडा आपल्याच डोळ्याने बघितलेला बरा.

१९ जून
आज २९. साबणाचं पाणी करून टायरवर सगळीकडे ओतलं. खिळा नाही, काही नाही. मग रिमच्या कडेला फेस आला. बारीक बुडबुडे, ओळीने, एकामागून एक. कितीतरी वेळ बघत राहिले. फार सुंदर दिसत होते.
मि. म्हणाले, "रिममधनं लीक हाय. चाक काढल्याबिगर हुनार न्हाई." काढायला किती वेळ? "तुकडा असंल तर दहा मिनटं."
हातपंपाने ३३ केली. एका रात्रीत दोन उतरतात. सकाळी निघायच्या आधी भरली तर दिवस निघतो. पाऊस वाढला की काय होतं ते बघायचं.
आठला फोन आला. "चाक बरं हाय न्हवं?"
"बरं आहे, काकू."
"घट्ट हाय न्हवं अजून?"
"घट्ट आहे," म्हटलं. ते तरी खरं आहे.