म्हाळसाची हाक

पेडगाव, जि. परभणी
१६ मार्च २०२५

प्रिय उद्धव,

तुझं पत्र मिळालं. सुनेत्रावहिनींचे गुडघे या उन्हात तरी मोकळे झाले असतील आणि तुझा खोकला बसला असेल, असं धरून चालतो. इकडे ज्वारी निघाली. ओढ्याकाठचा पळस यंदा असा पेटलाय, की वर्गात असतो तर पुस्तक मिटून पोरांना थेट तिथंच नेलं असतं.

तुझं अक्षर अजून तसंच आहे, टाक बुडवून काढल्यासारखं. पाकिटावरचं माझं नाव बघताच आपली शाळा समोर आली. पत्र्याचा वर्ग, खिडकीजवळचा बाक, आणि गुरुजींनी कविता चालीवर धरली की कडवं तू उचलायचास, धृपद मी. पुढं सोनपेठच्या शाळेत नोकरीभर मी पोरांना त्याच चाली शिकवल्या. तेव्हा तुझं पत्र पहिल्यांदा मी त्या बाकावर बसून वाचलं. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा खाली बाक नव्हता.

एक विचारू? एरवी सकाळसंध्याकाळ तू मोबाईलवर सुविचार पाठवतोस. मग एवढंच कागदावर का लिहिलंस? मोबाईलवरचं पुढं जातं, म्हणून ना? घाबरू नकोस. याचा फोटो मी काढलेला नाही. अजून तरी.

तू लिहितोस, नातू मुकुल अजून पोरगेला आहे, गंमत करायला गेला, त्याने माफीही मागितली. पुण्याच्या कंपनीने त्याला बोलावून जाब विचारला, ठरत आलेली सोयरीक मुलीकडच्यांनी थांबवली. तेव्हा सूर्यभान, नातीला सांगून ते सगळं काढून टाक, आपल्या मैत्रीखातर. आणि शेवटी लिहितोस, ‘मी त्या दिवशी शेतात असतो तर कान धरून थांबवला असता त्याला.’

शेतात नव्हतास, तर तुला नीट ठाऊक नसणार. सांगतो.

दिवाळीचे दिवस. सोयाबीन निघून तुझं रान मोकळं झालं होतं आणि खतासाठी दरसालाप्रमाणे आमच्या येडबाची मेंढरं त्यात बसली होती. येडबाची आई, म्हणजे माझी बहीण म्हाळसा, बांधावर बसलेली. मुकुल मित्रांना घेऊन आला. म्हणाला, ‘‘आजी, मेंढरांना कशी हाक मारता? मारून दाखवा की, पुण्याला दाखवायचीय.’’

आमची रीत तुला लहानपणापासून माहीत आहे. ज्याची त्याची हाक वेगळी. मेंढरू दुसऱ्याच्या हाकेला वळत नाही. आणि हाक विनाकारण मारायची नसते. पाणी असेल, वाड्यात घ्यायचं असेल, लांडगा दिसला असेल, तरच. उगीच मारली तर ते मुक्या जिवाशी खोटं बोलणं होतं. मी सख्खा भाऊ, एकदा हौसेनं म्हणालो तर म्हाळसानं मला धुडकावलं होतं. तुझ्या नातवाला नाही म्हणाली नाही. ‘‘उद्धवदादाचं लेकरू हाय. त्याला न्हाई कसं म्हनावं?’’

तिनं हाक मारली. रानभर पांगलेला कळप चरणं टाकून तिच्याकडे धावत आला. मी तर म्हणेन, त्याहून सुंदर कविता पाठ्यपुस्तकात कधी आली नाही. मुकुलनं ते मोबाईलवर टिपलं, मागून गाढवाचा आवाज जोडला, खाली लिहिलं, ‘आदिमानव सापडला’, आणि जगभर सोडून दिलं. मग लोकांनी तिचा रंग काढला, नाक काढलं. कुठल्या जंगलातून धरून आणली, अंघोळ माहीत आहे का, असं सगळं. चष्मा पुसून पुसून मी शेवटपर्यंत वाचलं.

हेही गिळलं असतं रे. आमच्या रंगाला आणि वासाला आम्ही पिढ्यानपिढ्या नावं ऐकत आलो. पाचवीत मला ‘मेंढरू’ म्हणणाऱ्याला तू पाटीनं हाणलं होतंस, आठवतं? तो उद्धव मी इतकी वर्षं उराशी धरून होतो.

पण पुढं गावातली पोरं येताजाता म्हाळसाची हाक मोबाईलवर वाजवायला लागली. मेंढरांना काय कळतं? ती आवाजाकडे धावायची. पोरांना मजा वाटायची. एके दिवशी कुणीतरी डांबरी रस्त्यापलीकडून हाक वाजवली, कळप रस्त्यावर उतरला आणि टेंपो आला. तीन मेंढ्या गेल्या, त्यातली एक गाभण.

तेव्हापासून म्हाळसा हाक मारत नाही. येडबा काठीनं कळप आवरतो, निम्मा इकडे जातो, निम्मा तिकडे. मी तिला समजवायला गेलो तर म्हणाली, ‘‘सूर्या, माजा आवाज आता कुनाच्याबी खिशात हाय. मी मारली तर त्यांनी खरी कोन्ती समजायची?’’

मी आयुष्यभर शब्द शिकवले. तिचे मी घरी येऊन वहीत उतरून घेतले.

माझी नात शीला परभणीला कॉलेजात आहे. ती आली आणि म्हणाली, ‘‘आजोबा, कुढत काय बसलाव? बोला. मी धरते मोबाईल.’’ मी बोललो. मुकुलचं पूर्ण नाव घेतलं, झालेलं सगळं सांगितलं, आणि म्हणालो की ज्याला या हाकेचं हसू येतं त्यानं आमच्या रानात यावं आणि स्वतः मारून दाखवावी.

एवढंच. शीलानं ते सगळीकडे पाठवलं. सकाळी मोबाईलवर बघतो तर जिंतूरकडचा एक गडी कळपात उभा राहून बोलायलाय, ‘‘मुकुलराव, या की. मारा हाक. एक जरी मेंढरू वळलं, तर समदा कळप तुमचा.’’ मग गोदाकाठची एक म्हातारी. ‘‘ये बाळा, लय शिकलास म्हनं. हितं मुक्यांची परीक्षा हाय, कॉपी न्हाई चालायची.’’ मग नगर, सांगली, पार कर्नाटकापर्यंत. हाक कुणीच दिली नाही, सगळ्यांनी मुकुललाच मागितली. आता त्याचं नाव शोधलं की आधी मेंढरं येतात, मग त्याची डिग्री.

मला बरं वाटतं, उद्धव. खोटं कशाला लिहू? सकाळचा चहा घेताना लोक पेपर वाचतात तसं मी ते बघतो. यंदा उन्हाळ्यात तुझ्या रानात कळप बसायला तयार नाही, हेही कानावर आलं. त्या दिवशी चहात साखर नसती तरी चाललं असतं.

तुझ्या पत्राआधीच शीला म्हणाली होती, ‘‘आजोबा, त्यानं माफी मागितली. आता पुरे करू.’’ मी नाही म्हणालो. तिनं कारण विचारलं, मी सांगितलं नाही. तिला नाही, येडबाला नाही. तुला सांगतो.

ती चित्रफीत मी फार वेळा ऐकली आहे. म्हाळसाची पहिली हाक संपते आणि पोरं हसायच्या आधी मोबाईलमागं कुणीतरी हसतं. आधी श्वास आत ओढल्यासारखं, मग मोठ्यानं, आणि शेवटी खोकला. पाचवीपासून मॅट्रिकपर्यंत ते हसू माझ्या उजव्या कानाशी होतं. मोठ्यानं लावून ऐकलं, हळू लावून ऐकलं. दुसरं कुणी असावं म्हणून देवाला भंडारा वाहिला.

मग वाट बघत राहिलो, तू आपणहून कबूल करशील म्हणून. पोरानं माफी मागताना तुझं नाव घेतलं नाही, सगळं अंगावर घेतलं. त्याच्यात तेवढं तरी आहे. आणि तुझं पत्र आलं, की तू शेतातच नव्हतास.

काल म्हाळसाला विचारलं, त्या दिवशी आणखी कोण होतं गं? ती शेंगा फोडत होती. मान वर न करता म्हणाली, ‘‘दादा व्हते की. बाभळीखाली, खुर्चीवर. लय हसले. मला वाटलं दादाला गोड वाटलं, म्हनून मी आनखी एक डाव मारली.’’

लोकांच्या खिशात वाजते ती ही दुसरी हाक, उद्धव. पहिलीला तुझं हसू चिकटलेलं आहे.

आता ऐक. पाडव्याला पेडगावला ये. म्हाळसा दारातच असते. खुर्ची मिळणार नाही, तिच्यासमोर भुईवर बसायचं. शीला मोबाईल धरेल. तू एवढंच म्हणायचं, की ते हसू माझं होतं, आणि नातू माझ्या देखत, माझ्या हसण्यानं धीट झाला. त्याच संध्याकाळी मी सगळ्यांना हात जोडून मुकुलचं नाव पुसायला सांगेन. शब्दाचा पक्का आहे मी, तुला ठाऊक आहे.

नाही आलास, तर पाडव्याच्या दुपारी मी नुसतं ते हसू लावीन. नाव घालणार नाही. तू हेडमास्तर होतास, जिल्हाभर तुझे विद्यार्थी आहेत. ते ओळखतील.

मैत्रीखातर म्हणालास ना, त्या मैत्रीखातर हे आधी तुला कळवलं. वहिनींना नमस्कार. मुकुलला सांग, त्याची सुटका आजोबांच्या तोंडात आहे.

तुझ्या डाव्या हाताला बसून तुझं हसू पाठ झालेला,
सूर्यभान