चाकांखालचा उजेड

१९३७

९ जानेवारी, सेलू
डावा पंख आज उभा राहिला. मामाच्या जिनिंगमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, भिंतीला टेकवून. नुसत्या लाकडी फासळ्या, अजून कापड नाही. मामा तिथं मुनीम. आले, कमरेवर हात ठेवून बराच वेळ बघत राहिले.
"बापाला कळवलंस का?"
परभणीहून चिठ्ठी येत नाही, मीही लिहीत नाही.
"अन् कॉलेज?"
कॉलेजचं उत्तर तेच. वॉर्डनची माफी मागणार नाही. त्यांनी सगळ्यांसमोर माझं विमानाचं इंग्रजी मासिक टराटरा फाडलं, मी त्यांची खुर्ची खिडकीतून बाहेर टाकली. खुर्चीत ते नव्हते, एवढं तरी लोकांनी बघायचं होतं. तीच फाटकी पानं चिकटवून हे विमान करायलोय.

१३ जाने.
शिव्याने मांजरपाटाचा तागा आणला. शाळेपासूनचा दोस्त, घरचं कापडदुकान. बापाला सांगितलं, मठाच्या मांडवाला पाहिजे. पंखाची खोळ शिवणार त्याची बहीण, मशीन तिचं. नाव इथं लिहायचं नाही. मामी वही उघडते. म. एवढं पुरे.

१८ जाने., सोमवार
म. दर सोमवारी मठात जाते. आज जाता जाता शेडवर आली, शिव्यासोबत. खोळ चढवून बघितली. उशीला अभ्रा चढावा तसा पंख आत गेला. एक सुरकुती नाही.
"मागल्या कडंला दुहेरी टीप मारलीय," म्हणाली. "वारा तिथनंच फाडील ना?"
हे मी तिला सांगितलेलं नव्हतं. मासिकातही कुठं नव्हतं.

ती गेल्यावर त्या टिपेवरून बोट फिरवत बसलो. शिव्या म्हणाला, "पंखाला गुदगुल्या व्हायल्यात, बास कर."

२० जाने.
कापड ताणायला वरून एक खास लुकण फासावं लागतं. इथं मिळत नाही. आपल्याकडं घोंगड्याला चिंचोक्याची खळ देतात, घोंगडं कसं ताठ उभं राहतं! तीच दिली. वाळल्यावर टिचकी मारली तर डफासारखं वाजलं. शिव्या शेडभर नाचला.

२१ जाने.
मामाची म्हैस सुटली. उजवा पंख चाटून चाटून ओला, टोकाचं कापड चघळून चोथा. दिवसभर कुणाशी बोललो नाही. संध्याकाळी शिव्याबरोबर म.चा निरोप: "म्हशीला आवडली म्हणजे खळ चांगलीच झाली असंल. फाटकं इकडं पाठवा."
हसू आलं. राग कुठं गेला कळलं नाही.

२ फेब्रुवारी
खळ बंद. आता उकळलेलं जवसाचं तेल. म्हैस हुंगते, फुर्र करते, जाते. एक हात, वाळला की दुसरा, मग तिसरा. प्रत्येक हाताला कापड जास्त चकाकतं. थांबवत नाही.

१५ फेब्रु., सोमवार
म. आलेली असतानाच पोलीस ठाण्याचे अमीनसाहेब घोड्यावरून आले. कुणीतरी चुगली केली. ती पंखामागं सरकली.
"मियाँ, ये उड़ता है?"
"अभी नहीं साहब. कोशिश है."
"कोशिश को इजाज़त नहीं लगती. जिस दिन उड़ा, उस दिन थाने को आना." जाता जाता पंखावर हात फिरवला. "सिलाई अच्छी है."
पंखामागून फुसकन हसल्याचा आवाज. साहेबांनी ऐकलं नाही, किंवा ऐकलं आणि सोडून दिलं. शिव्याने अर्थ लावला: "एकदा उडालं की गावभर होतंय. दुसऱ्या दिवशी जप्त. म्हंजे आपल्याला एकच डाव हाय."

२६ फेब्रु.
गावच्या डॉक्टरांच्या मोडीत काढलेल्या फटफटीचं इंजिन बसलं. पुढचा पंखा सागवानी, स्वतः तासलेला. पाटलांनी पऱ्हाटी उपटलेलं रान दिलं. काळं रान, भेगांत चाक जातं. वखर मारला, भेगा बुजवल्या, वरून दगडी रूळ ओढला.
विमान नुसतं पळवलं. शिव्या रानात पालथा पडून चाकांकडं डोळे लावून. मधी उजेड दिसला म्हणजे चाकं उठली.
"दिसला का?"
"न्हाई."

४ मार्च
आसन पुढं घेतलं. न्हाई. शेपटीचा कोन बदलला. न्हाई. पंख किंचित वर कलवला, यावेळी नाकच जमिनीला लागायची पाळी. परत खाली.
कपाशीच्या मोठ्या काट्यावर एकेक भाग तोलला तेव्हा कळलं. पंख फार जड. तेल. चकाकीच्या नादात हातावर हात देत गेलो, तेलालाही वजन असतं हे डोक्यातच नाही. आता ते कापडातून निघत नाही.
निदान माझं वजन घटावं म्हणून जेवण निम्म्यावर आणलंय. मामी म्हणते, पोरगं प्रेमात पडलंय. वही वाचते, दुसरं काय.

८ मार्च, सोमवार
म.ने विचारलं, "मी किती भरते?"
म्हणजे माझ्याऐवजी ती बसणार. शिव्या माझ्याहून दांडगा, तो मोजायचा प्रश्नच नाही. ती सरळ काट्याच्या पारड्यात गुडघे पोटाशी घेऊन बसली. शिव्या म्हणाला, "गळ्यातलं लिंग काढून ठेव, तेवढंच हलकं."
"ते काढत नसतेत, येड्या. अन् वजन कुनाला सांगू नको, दृष्ट लागती."
दुसऱ्या पारड्यात सरकी ओतत गेलो. माझ्याहून अर्ध्या पोत्याने कमी भरली. पारडं हलत होतं, ती धरून बसली होती. तोंड वर करून म्हणाली, "मग?"
मी न्हाई म्हटलं.

११ मार्च, शिवरात्र
सगळं गाव देवळात. रान मोकळं. म. आईला देवळात सोडून आली, उपाशी. नुसतं जमिनीवर फिरवायचं, एवढ्या बोलीवर बसवलं. मी पंखाचं टोक धरून बाजूनं पळत होतो. फेरी झाली. वळली. मग इंजिनाचा आवाज चढला. मी ओरडलो. पंखाचं टोक माझ्या हातातून निसटलं. निसटलं म्हणजे वर गेलं.
"उजेड!" शिव्या मातीत हात आपटत होता. "दत्त्या, उजेड हाय रे!"
हातभर असेल. खाली आली, दोनदा आपटली, थांबली. मी तिच्यावर नाही नाही ते ओरडलो. मेली असतीस, अक्कल आहे का, सगळं. तिने ऐकून घेतलं. मग इतकंच:
"टाके ताणल्याले कळले मला. सगळे एकदम."
 

२२ मार्च, सोमवार
राणीसावरगावचे पाहुणे शनिवारी तिला बघून गेले. शेती, किराणा, पोरगा चांगला. शिव्याने माझ्याकडं न बघता सांगितलं. मी हातातला पाना पत्र्यावर हाणला. तेवढ्यात ती दारात.
सगळं बोलून टाकलं. वॉर्डनची माफी मागतो, कॉलेज पुरं करतो, बापाला पाठवतो तुमच्या घरी.
"तुमच्या-आमच्या जातीत लगीन होतंय व्हय?" आवाज एकदम हळू. "होईल, न होईल. ते मोठी मान्सं बघतील. मला एकडाव वर जायचंय. तेवढं तुमच्या हातात हाय."
"मला तू पाहिजेस अन् तुला विमान."
"तुमी कुनासाठी केलं हे?"
"तुझ्यासाठी."
"मग बसू द्या की."
शिव्या बाहेर जाऊन उभा राहिला होता. फार मोठ्याने खोकला. ती गेली.

२४ मार्च
वॉर्डनना माफीचं लिहायला घेतलं. 'मान्यवर' पर्यंत आलो.

२८ मार्च
शिव्या भांडायला आला आणि भांडलाच नाही. शेडच्या उंबऱ्यावर बसून राहिला.
"ती पडली तर आईला काय सांगू? अन् नीट उडाली तर पंचक्रोशीत होतंय, राणीसावरगाववाले न्हाई म्हनतेत. तुझं फावलंच."
उठून त्याची गचांडी धरली. त्याने हात सोडवला नाही. म्हणाला, "तू न्हाई म्हन तिला. माझ्यानं होत न्हाई."
रात्रभर तेच. हो म्हटलं तर तिच्यासाठी म्हणतो का माझ्यासाठी? न्हाई म्हटलं तर भीती तिची का ती वर गेल्यावर मी खाली राहीन याची? शिव्याचा राग येत नाही. खरं बोलला. निदान निम्मं.

१ एप्रिल
राणीसावरगावचा होकार आला. शिव्याच्या घरी पेढे. मामीने माझा वाटा पानात ठेवला. खाल्ला.
दुपारी पंखाचे दोर, बिजागऱ्या, शेपटी, एकेक परत तपासलं. कुणासाठी ते स्वतःला विचारलं नाही.

४ एप्रिल, रविवार
शिवरात्रीला ती विमान वळवायच्या पायपट्टीपर्यंत पोचायला पाठीमागं घोंगडं घालून बसली होती, तरी आसनाच्या कडेवर आली होती. तसं वळताना घसरेल. आज पट्टी सोडली, आसनाकडं घेतली, नवीन भोकं पाडून बोल्ट आवळले. घोंगडं काढून टाकलं. शिव्या पाने देत होता, एक शब्द बोलला नाही. शेवटचा बोल्ट त्याने स्वतः आवळला. मग मला ढकलून परत एकदा आवळला.
उद्या सोमवार. ती मठात निघेल. सरळ जाईल की शेडकडं वळेल, माहीत नाही. विचारलेलं नाही, निरोपही धाडला नाही. आली तर काय बोलायचं, तेही ठरलेलं नाही.
शिव्या गेल्यावर आत बसून बघितलं. गुडघे हनुवटीला लागतात. मला आता त्यात बसताच येत नाही.