मंगळवारचा तास

विश्रांतवाडी, पुणे
शुक्रवार, १४ नोव्हेंबर २०२५

आदरणीय आगाशेबाई,

सविनय नमस्कार. 'आपली प्रकृती उत्तम असेल' हे नेहमीचे वाक्य या पत्रापुरते मी गाळते आहे. आमच्या घरी सर्व कुशल. थंडीमुळे अम्मीचे गुडघे दुखतात. अब्बांचे घड्याळदुरुस्तीचे दुकान नेहमीसारखे चालू आहे.

दर शिक्षकदिनाच्या पत्रात 'वैद्यकीय क्षेत्रात आहे' एवढेच मी आपल्याला कळवत आले. ते वाक्य खोटे नाही. पण मी ते फार काळजीपूर्वक रचले होते. बारावीनंतर वैद्यकीय प्रवेश थोडक्यात हुकला. मग मी मालिश उपचाराचा एक वर्षाचा अभ्यासक्रम पूर्ण केला आणि गेली तीन वर्षे कोथरूडच्या एका केंद्रात लोकांच्या पाठी, खांदे, पोटऱ्या चोळते. काम मला आवडते. बुधवार पेठेतून शरीररचनेचे जुने पुस्तक आणून स्नायूंची नावे पाठ केली. सध्या दर रविवारी पुढचे शिक्षण चालू आहे: शस्त्रक्रियेनंतर हाताला येणारी सूज हलक्या दाबाने कशी उतरवावी, हे शिकते आहे. तिथे शिकवणाऱ्या आमच्या तनयामॅडम पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "रोगाचं नाव आपण घ्यायचं नाही, ते डॉक्टरांचं काम. पण बोटांना वेगळं काही लागलं, तर माणूस उठून जायच्या आत त्याला सांगायचं."

मंगळवारी खांदा दुखतो म्हणून आपण ज्या केंद्रात आला होतात, ते हेच.

माझी सहकारी हेमा ऐनवेळी दुसऱ्या खोलीत अडकली, म्हणून मी आत आले. तोवर आपण पोटावर निजला होतात. त्या पलंगाला चेहऱ्यासाठी गोल भोक असते. आपल्याला माझी पावले तेवढी दिसली असतील. मी मात्र आवाज लगेच ओळखला.

"अहो, जरा जोर लावा. पाठ चोळताय की फळा पुसताय?"

मी जोर वाढवला.

"बोलत नाही वाटतं तुम्ही? उत्तम. पार्लरमधली मुलगी श्वास घ्यायलासुद्धा थांबत नाही." थोड्या वेळाने आपणच म्हणालात, "माझी एक विद्यार्थिनी डॉक्टर झालीय. जोया. मराठीत अठ्ठ्याण्णव होते तिला. हा खांदा खरं तर तिलाच दाखवायला हवा."

त्यानंतर मला तोंड उघडणे शक्य झाले नाही.

बाई, उजव्या काखेच्या मागच्या कडेला माझ्या बोटांना एक गाठ लागली. सुपारीएवढी, कठीण. बाजूला सारली तरी हलली नाही आणि दाबल्यावर आपल्याला दुखले नाही. आखडलेला स्नायू हाताला असा लागत नाही. ती काय आहे हे मला माहीत नाही. ती साधीही असू शकेल. पण डॉक्टरांनी ती पाहायला हवी, एवढे सांगणे माझे काम होते आणि मी ते केले नाही. तास संपताच मी खोलीबाहेर पडले, पाणी हेमाच्या हाती पाठवले आणि टॉवेलच्या कपाटाआड उभी राहिले. "मुलीच्या हातात कसब आहे हो," असे आपण हेमाला सांगितलेले मला तिथे ऐकू आले.

याला तीन दिवस झाले. आपला क्रमांक केंद्राच्या नोंदीत आहे. दोनदा फिरवला, आपण उचलण्याआधी बंद केला. लिहिणे मला बोलण्यापेक्षा बरे जमते, हे आपण जाणता. तरीही टपालावर विसंबून आणखी दिवस घालवणे योग्य नाही. हे पत्र मी स्वतः आणून आपल्या दाराखालून आत सरकवते आहे आणि बेल वाजवते आहे.

एका शल्यचिकित्सक बाईंची आज दुपारी बाराची वेळ घेतली आहे. त्यांना मी जागा नेमकी दाखवू शकेन. आपल्याला रागवायचे असेल, तर कृपया रिक्षात रागवावे.

आपल्या दाराबाहेर, जिन्यात उभी असलेली,
आपली विद्यार्थिनी
जोया अत्तार
मालिश करणारी