ओटीच्या नारळाची चटणी

आई,

मी बदलापूरला माझ्या आईकडे चालले आहे. परत कधी येणार ते ह्यांना विचारू नका, त्यांनाही सांगितलेलं नाही.

मला दिवस गेलेले नाहीत. पाळी चुकली, अंग सुजलं, भर मे महिन्यात स्वेटर घालून बसते, हे सगळं थायरॉइडमुळे. डॉक्टरांनी तुमच्यासमोर सांगितलं होतं. तरी तुम्ही काल शिवमंदिराकडच्या तुमच्या बहिणीला बोलावून गुपचूप माझी चोरओटी भरलीत. वर 'पोटुशीला गोळ्या चालत नाहीत' म्हणून माझी थायरॉइडच्या गोळ्यांची बाटली मोरीत रिकामी केलीत. जिना चढताना धाप लागली की ते डोहाळे, आणि दुपारी जरा आडवी झाले की आळशीपणा! एकदा काय ते ठरवा.

नवी बाटली वाटेत घेईन. ती आता माझ्याच पर्समध्ये राहील.

आमटी-भात झाकून ठेवला आहे. ओटीच्या नारळाचं गोडच करायचं असतं, हे मला शिकवू नका, माहीत आहे. मी लसूण-मिरची घालून त्याची चटणी वाटली आहे. चांगली झणझणीत.

बारशाला तीच वाढा.

उमा