जेटमधला जरीचा धागा

इलाहीभाई,

मोटार दुरुस्त झाली. उभी असली की थरथरायची, रेस दिली की अडखळायची. प्लग पुसले, पॉइंट घासले, तरी तेच. आज कार्बोरेटर उघडला, तर पेट्रोल जातं त्या जेटच्या बारीक भोकात जरीचा धागा! पेट्रोल गाळायला नरसाळ्यावर कुणाचं फडकं लावलंत? आपल्या घरात जरीचं कापड न्हाई.

थोरले भाऊ म्हणून माझ्यासाठी अकिलाला मागणी घालायला तुम्ही राहू गावाला गेला होता. "पोचलो तवा तिचा निकाह झाला होता," म्हणालात. मग निकाहाआधी नवरदेवाला बांधतात त्या सेहऱ्याची फुलं मागच्या सीटखाली कशी? त्याला मांडवात तुम्हीच नेलंत, तेबी मी राखलेल्या गाडीतनं.

मी दौंडला चाललोय, परत येणार न्हाई. धागा किल्लीला बांधलाय. गाडी चालू करताना दर वेळी हाताला लागंल.

इनुस