कोर्टातलं हसू

छोट्या,

तुला वाचता येत नाही. पत्र पाठवलं तर तुरुंगातला शिपाई ते तुला वाचून दाखवेल, आणि हे तू परक्याच्या तोंडून ऐकू नयेस. म्हणून पाठवणार नाही.

तीन मंगळवार तू भेटीला बाहेर आला नाहीस. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "धड जेवत नाही. मी बिनकामाचा आहे, एवढंच म्हणतो. त्याला चांगलं काय जमतं?" मला पटकन काही सुचलंच नाही. सख्खी बहीण ना मी! घरी आल्यावर आठवलं, माझ्या शिवणाच्या दुकानात तुझ्यासारखी इस्त्री कुणालाच जमली नाही.

पण सांगायचं वेगळंच आहे. न्यायाधीशांनी तुला विचारलं, "तू झाडायला जायचास त्या गोदामाचं दार चोरांना का उघडून दिलंस?"

तू म्हणालास, "ते मला हुशार म्हणाले, साहेब."

सगळे हसले. छोट्या, मीही हसले. तू वळून माझ्याकडे पाहिलंस, आणि ताई हसतेय म्हणून तूही हसलास.

या मंगळवारी बाहेर ये. नाही आलास, तरी वेळ संपेपर्यंत मी बाकावर बसून राहीन.

तुझीच,
ताई